न उघडणारा खलिता

आमच्या इतिहासाच्या व्यवसायांत बंद वस्तूंशीं रोजची गांठ असते. दप्तरखान्यांतील रुमाल सोडावा, आंतील कागद सुस्थितींत असावेत, शाई काळीभोर असावी, आणि तरीहि मजकूर बंदच राहावा, हा अनुभव मोडी न जाणणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास येतो. कागद हातांत असतो, पण पत्र पोंचलेलें नसतें. अशीच अवस्था गेल्या वर्षीं माझ्या स्वतःच्या घरांत, संगणकाच्या पडद्यापुढें झाली; आणि तिचें कारण शोधतां शोधतां एक लहानसा इतिहास हातीं लागला. तो वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. ज्या घरांतील एक तरी माणूस परदेशीं आहे, त्या घरांत ही अडचण आज ना उद्यां यावयाचीच.

हकीकत थोडक्यांत अशी. माझी थोरली बहीण गेलीं पंचवीस वर्षें अमेरिकेंत असते. 2018 च्या उन्हाळ्यांत ती वाईच्या घरीं आली असतां तिनें आमच्या वडिलांचा एक व्हिडिओ आपल्या फोनवर टिपून घेतला. वडील ओसरीवर बसले आहेत, पुढ्यांत पणजोबांच्या वेळची मोडी खतावणी उघडी आहे, आणि ते आपल्या नातीला एकेक अक्षर बोटानें दाखवून ओळ वाचून दाखवीत आहेत, असा तो अकरा मिनिटांचा व्हिडिओ. वडिलांनीं मोडी शाळेंत गिरविली होती. आमच्या पिढीनें ती गिरविली नाहीं. 2020 सालीं वडील गेले. खतावणी कपाटांत राहिली आणि ती वाचणारें घरांत कोणी उरलें नाहीं. गेल्या वर्षीं आईनें त्या व्हिडिओची आठवण काढली, आणि मीं ताईला तो पाठविण्याविषयीं लिहिलें.

पहिल्या वेळीं तिनें नमुन्यादाखल वीस सेकंदांचा तुकडा ई-मेलला जोडून धाडला. तुकडा 20 एमबीचा, तिच्या ई-मेल सेवेची मर्यादा 25 एमबीची. तरीहि पत्र फार मोठें म्हणून तिच्याकडेच परत आलें. दुसऱ्या वेळीं तिनें संपूर्ण व्हिडिओ इंटरनेटवरील एका सामायिक जागेंत ठेवला व मला त्याचा दुवा दिला. मीं तो उतरवून घेत असतां वीज गेली, आणि जी फाइल हातीं आली ती कांहीं केल्या उघडेना. तिसऱ्या वेळीं फाइल पुरती उतरली. आईला खुर्चीवर आणून बसविलें. कळ दाबतांच वडिलांचा आवाज खोलीभर झाला. पडदा मात्र काळाच राहिला. आई म्हणाली, "अरे, ते बोलताहेत ना? मग दिसत कां नाहींत?"

या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं मला देतां आलें नाहीं. पुढें ध्यानांत आलें कीं, या तीन अपयशांचीं कारणें तीन निराळीं आहेत, आणि प्रत्येकाच्या पाठीमागें गेल्या साठ वर्षांच्या इतिहासाचा एकेक खंड आहे.

प्रथम रस्त्याचा विचार करूं. ई-मेलचा आरंभ 1971 सालचा. अमेरिकेंतील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेंतील रे टॉमलिन्सन यांनीं त्या वर्षीं आर्पानेट नामक जाळ्यावरून एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत पत्र धाडलें, आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें '@' हें चिन्ह घालण्याची चाल पाडली. त्या काळीं अक्षरांसाठीं जी सांकेतिक लिपि वापरांत होती तिचें नांव ॲस्की. 1963 सालीं तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. तींत प्रत्येक अक्षराला शून्य किंवा एक असे सात अंक दिलेले, म्हणून एकंदर चिन्हें 128. रोमन अक्षरें, आंकडे, विरामचिन्हें व यंत्राला द्यावयाच्या कांहीं खुणा एवढ्यानें तीं भरून गेलीं. पुढें 1982 सालीं जॉन पोस्टेल यांनीं टपाल पोंचविण्याचे जे नियम लिहिले, त्यांनीं हाच दंडक कायम केला: पत्रांतील अक्षरें सात अंकी असावीत, आणि कोणतीहि ओळ एक हजार चिन्हांहून लांब नसावी. ज्यांनीं हे नियम केले त्यांच्या मनांत इंग्रजी मजकुराखेरीज दुसरें कांहीं नव्हतें, आणि त्याबद्दल त्यांस दोष देणें अनैतिहासिक होईल.

परंतु चित्र अथवा ध्वनि यांची फाइल आठ अंकांच्या गटांनीं, म्हणजे बाइटांनीं, बनलेली असते. ती सात अंकांच्या रस्त्यावर घातली कीं वाटेंतील एखादें यंत्र आठवा अंक छाटून टाकी आणि मालाचा चुरा होई. यावर 1980 सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत मेरी ॲन हॉर्टन यांनीं एक तोडगा काढला. तीन बाइटांचे मिळून चोवीस अंक घ्यावयाचे, त्यांचे सहा-सहांचे चार भाग करावयाचे, आणि प्रत्येक भागाच्या जागीं छापतां येईल असें एक साधें अक्षर ठेवावयाचें. अशा रीतीनें चित्राचें रूपांतर निरर्थक दिसणाऱ्या परंतु निर्धोकपणें प्रवास करणाऱ्या मजकुरांत होई. पलीकडील माणसानें तो पुन्हां उलगडून घ्यावयाचा. युक्ति उत्तम, पण तींत दोन उणिवा होत्या. एक तर योजलेल्या चिन्हांपैकीं कांहीं चिन्हें निरनिराळ्या यंत्रांच्या हद्दीवर बदलत किंवा गळून जात. आणि दुसरें असें कीं, आंत काय आहे हें पत्र स्वतः सांगत नसे. तें घेणाऱ्यानें ओळखावयाचें.

या दोन्ही उणिवा 1992 च्या जून महिन्यांत नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनीं प्रसिद्ध केलेल्या 'माइम' नामक नियमावलीनें भरून काढल्या. त्याच वर्षीं 11 मार्च रोजीं बोरेनस्टाइन यांनीं जें पत्र धाडलें, त्याला त्यांच्या चौघांच्या गायनमंडळीचें छायाचित्र व त्यांनीं म्हटलेलें गाणें जोडलेलें होतें. असल्या खटाटोपाचा उपयोग काय, असें विचारणारांना ते सांगत कीं, आपल्याला पुढेंमागें नातवंडें होतील आणि त्यांचीं चित्रें आपल्याला ई-मेलनें हवीं आहेत. एका आजोबाचा व्हिडिओ मिळविण्यासाठीं चाललेल्या माझ्या खटपटींत ही गोष्ट वाचली तेव्हां मला त्या गृहस्थांविषयीं मोठा आपलेपणा वाटला.

माइमनें जी नवी बांधणी रूढ केली तिला 'बेस सिक्स्टीफोर' म्हणतात. तींत रोमन मोठीं व लहान अक्षरें मिळून बावन्न, दहा आंकडे आणि दोन चिन्हें अशीं चौसष्ट निर्धोक चिन्हेंच वापरावयाचीं. तीन बाइटांच्या जागीं चार अक्षरें येतात, म्हणून प्रत्येक जोडपत्र प्रवासांत एक-तृतीयांशानें फुगतें. ओळींच्या तोडणीमुळें आणखी थोडी भर पडते. माझ्या बहिणीचा 20 एमबीचा तुकडा बांधल्यावर 27 एमबीच्या घरांत गेला, आणि मर्यादा या बांधलेल्या ओझ्यावर मोजली गेली. अशा ठिकाणीं 25 एमबीच्या मर्यादेंत मूळची सुमारें 18 एमबीचीच फाइल मावते. 1963 सालच्या सात अंकांचा कर आपण आजहि भरीत आहोंत, तो असा.

आतां दुसरी बाब, ती लेबलाची. माइमच्या नियमांनुसार प्रत्येक जोडपत्रावर आंतील वस्तूचा प्रकार लिहिलेला असतो: हें चित्र, हा ध्वनि, हा व्हिडिओ. परंतु धाडणाऱ्याच्या यंत्रास प्रकार ठाऊक नसला कीं तें नुसती 'बाइटांची रास' एवढीच नोंद करतें, आणि घेणाऱ्याचें यंत्र बुचकळ्यांत पडतें. मग उरतें तें फाइलीच्या नांवाचें शेपूट. कित्येक लोक तें शेपूट बदलून पाहतात. पण बरणीवरील चिठ्ठी बदलल्यानें लोणच्याचा मुरंबा होत नाहीं. खरी ओळख फाइलीच्या पहिल्या कांहीं बाइटांत असते. पीडीएफ फाइल आरंभींच शेंकड्याचें चिन्ह देऊन आपलें नांव सांगते. झिप पद्धतीच्या फाइलीच्या डोक्यावर 'पी' व 'के' हीं दोन अक्षरें असतात. तीं ती पद्धति घडविणारे फिल कॅट्झ यांच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. वर्डच्या अलीकडील फाइली आंतून झिपच असल्यामुळें त्यांच्याहि माथ्यावर हीच मुद्रा आढळते. जुन्या पत्रावरील शिक्क्यावरून आम्ही पत्राचा धनी ओळखतों, त्यांतलाच हा प्रकार.

लेबल फसवेंहि असूं शकतें. 4 मे 2000 रोजीं फिलिपाइन्समधून निघालेलें एक 'प्रेमपत्र' जगभर पसरलें. जोडपत्राच्या नांवांत 'टीएक्सटी' असें साध्या मजकुराचें शेपूट दिसे. त्यामागें दुसरें, आज्ञावलीचें शेपूट होतें, आणि विंडोज प्रणालीच्या नेहमींच्या मांडणींत तें दृष्टीआड राही. ज्यांनीं तें उघडलें त्यांच्या यंत्रांतील फाइलींचा नाश झालाच, शिवाय त्यांच्या परिचितांसहि त्यांच्या नांवानें तेंच पत्र गेलें. त्याच्या आदल्या वर्षीं, 1999 च्या मार्चमध्यें, 'मेलिसा' नामक विषाणूनेंहि जोडपत्राचाच मार्ग धरिला होता. अशा अनुभवांनंतर ई-मेल सेवांनीं दारावर पहारे बसविले. म्हणून आज एखादें जोडपत्र उघडत नाहीं याचा अर्थ तें बिघडलें असाच नव्हे. तें मुद्दाम अडविलेलेंहि असतें. ओळखीच्या माणसाकडून अनपेक्षित फाइल आली तर ती उघडण्यापूर्वीं त्याला फोन करून विचारावें, हा संकोच करण्याचा विषय नाहीं.

तिसरा खंड व्हिडिओचा, आणि तोच सर्वांत गुंतागुंतीचा. चलच्चित्राचें मूळ ओझें किती असतें याची कल्पना एका लहानशा हिशेबानें येईल. जुन्या व्हिडिओ सीडीवरील चित्र आडवे 352 व उभे 288 ठिपक्यांचें, आणि सेकंदाला अशीं 25 चित्रें. तीं जशींच्या तशीं नोंदविलीं तर दर सेकंदास सुमारें 38 लक्ष बाइट लागतील. सीडीवर प्रत्यक्षांत चित्रासाठीं मिळत ते दीड लक्षांहूनहि कमी. म्हणजे मूळ चित्र सुमारें सव्वीसपट आंवळल्याशिवाय तें त्या तबकडींत बसणेंच शक्य नव्हतें.

हें आंवळण्याचें जें गणित आहे त्याच्या मुळाशीं एका भारतीयाचें नांव आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाहीं. बंगळूर येथें 1940 सालीं जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेंत कॅन्सस स्टेट विद्यापीठांत अध्यापक असतांना त्यांनीं टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह 1974 सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनांतील छायाप्रकाशाचे मंद व द्रुत असे बदल अलग करावे, असें तें गणित आहे. द्रुत बदल माणसाच्या डोळ्यांस फारसे जाणवत नाहींत, म्हणून त्यांस कात्री लावतां येते. जेपेग छायाचित्रें व एमपेग व्हिडिओ या दोहोंचा पाया हाच. एमपेग मंडळींनीं यास आणखी एक युक्ति जोडली: प्रत्येक चित्र समग्र न लिहितां मागच्या व पुढच्या चित्रांहून त्यांत जो फरक आहे तेवढाच नोंदवावा. या रीतीनें 1993 सालीं एमपेगची पहिली पद्धति सिद्ध झाली. 2003 सालीं 'एच 264' ही पद्धति आली, आणि 2013 सालीं तिच्याहून जवळजवळ निम्म्या जागेंत तितकेंच चांगलें चित्र बसविणारी 'एच 265', म्हणजेच 'एचईव्हीसी'.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. व्हिडिओची फाइल ही पेटी असते, आणि तिच्या आंत चित्र एका पद्धतीनें व ध्वनि दुसऱ्या पद्धतीनें आंवळून ठेवलेला असतो. फाइलीच्या शेपटावरून पेटी कळते; आंतील पद्धति कळत नाहीं. 2000 सालाच्या आगेमागें आपल्याकडे लग्नांचे जे व्हिडिओ सीडीवर मिळत, त्यांतील फाइलीचें शेपूट 'डॅट' असे. तें पाहून कित्येक संगणक हात टेकीत. वस्तुतः आंत एमपेगची साधी पहिली पद्धतिच होती, आणि पेटीवरचें नांव सोडून आंत डोकावणाऱ्या साधनास ती सहज उघडतां येई.

शिवाय पेटीला एक सूची असते: कोणतें चित्र कोठें आहे, किती वेळ चालावयाचें आहे, वगैरे. फोन व्हिडिओ टिपीत असतां तो किती लांबणार हें त्याला आधीं ठाऊक नसतें, म्हणून ही सूची तो पुष्कळदां सर्वांत शेवटीं लिहितो. माझी दुसरी फाइल वीज गेल्यामुळें तीन-चतुर्थांशच उतरली होती. तेवढ्यांत आठ मिनिटांचीं चित्रें निश्चित होतीं. पण सूची उरलेल्या भागांत राहिल्यामुळें त्यांतील एकहि दिसेना. ज्या पोथीचीं पानें आहेत पण पृष्ठांक नाहींत व क्रमहि नाहीं, तिची जी गत तीच या फाइलीची. म्हणून फाइल उघडेनाशी झाली कीं प्रथम धाडणाऱ्याकडील आकार व आपल्याकडील आकार ताडून पाहावे. ते जुळत नसतील तर इतर उपाय व्यर्थ आहेत. फाइल पुन्हां उतरवावी.

राहिला काळा पडदा. 2017 च्या सप्टेंबरापासून ॲपलच्या नव्या फोनांनीं एचईव्हीसी पद्धति अंगीकारली, आणि ताईचा फोन त्यानंतरचा होता. ध्वनीची पद्धति जुनी व सर्वत्र परिचित, म्हणून आवाज आला. चित्राची पद्धति माझ्या संगणकास अवगत नव्हती, म्हणून चित्र आलें नाहीं. आणि ती अवगत कां नव्हती? बुद्धीची उणीव हें त्याचें कारण नव्हे. या पद्धतींतील कल्पनांवर अनेक मंडळींचे पेटंटहक्क आहेत, आणि ते वेगवेगळ्या गटांकडे विभागलेले असल्यामुळें परवान्याचें शुल्क हा कटकटीचा विषय होऊन बसला. कित्येक संगणकांत हें साधन म्हणूनच आपोआप येत नाहीं. या जाचाला कंटाळून मोठ्या कंपन्यांनीं 2015 सालीं एकत्र येऊन शुल्कमुक्त पद्धतीचा घाट घातला, व 2018 सालीं 'एव्ही 1' ही पद्धति प्रसिद्ध केली. दुसरीकडे पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं 1996 सालीं आरंभिलेला व 2001 सालीं सर्वांस खुला केलेला 'व्हीएलसी' हा वादक बहुतेक सर्व पद्धति स्वतःच्याच झोळींत घेऊन हिंडतो. फाइल उघडणें हें एकट्या यंत्राचें काम नाहीं, तें लिहिणारा व वाचणारा यांच्यामधील कराराचें काम आहे; आणि करार मोडला, महाग झाला किंवा विसरला गेला कीं वस्तु शाबूत असूनहि मुकी होते.

मराठी वाचकांस याचें प्रत्यंतर दूर शोधावयास नको. देवनागरीसाठीं 1991 सालीं भारतीय मानक ठरलें, आणि त्याच वर्षीं युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतहि देवनागरीस जागा मिळाली. परंतु त्यानंतरहि दहा-पंधरा वर्षें आपल्या छापखान्यांतून व कचेऱ्यांतून जें मराठी टंकलेखन झालें, तें बहुतांशीं ज्या-त्या फाँटाच्या खासगी संकेतानें. रोमन अक्षराच्या जागीं मराठी अक्षराची आकृति बसवावयाची, एवढाच तो संकेत. तो फाँट असेतोंवर मजकूर मराठी. फाँट गेला कीं तीच फाइल रोमन अक्षरांचा अर्थहीन कचरा. माझ्याजवळ 2002 सालच्या एका स्मरणिकेसाठीं मंडळींनीं ई-मेलनें धाडलेले लेख आहेत. फाइली उघडतात, पण वाचतां येत नाहींत. आणि ते लिहिणारांपैकीं कांहीं आज हयात नाहींत. फाँटाचें नांव कळलें तर रूपांतर करणारीं साधनें मिळतात. तें नांव मात्र त्या वेळीं कोणी टिपून ठेवलें नाहीं.

कोणी म्हणतील, विज्ञान पुढें जात आहे, उद्यांचीं यंत्रें कालचें सर्व आपोआप वाचतील, आपण कशास चिंता वाहावी? इतिहासाची साक्ष याच्या उलट आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळांत बाहेर पडले, ते मोडी जाणणारीं माणसें शेंकड्यांनीं होतीं म्हणून. दप्तर जितकें मोठें होतें तितकेंच आजहि आहे. वाचणारे मात्र घटले. वाचण्याची कला ही वस्तूबरोबर आपोआप टिकत नाहीं, ती कोणीतरी दुसऱ्यास शिकवावी लागते.

असो. व्हीएलसीनें तो व्हिडिओ अखेर उघडला. मीं त्याची एक प्रत 'एच 264' पद्धतींत करून घेतली, कारण आज बहुतेक सर्व यंत्रें ती वाचतात. मूळ फाइलहि तशीच राखून ठेवली, कारण दुसऱ्यांदा आंवळतांना चित्रांतील कांहीं अंश जातोच. सोबत एका साध्या कागदावर व्हिडिओ कोणीं, केव्हां, कोठें घेतला व कोणत्या पद्धतींत आहे हें लिहून तो खतावणींत ठेवला.

आईनें व्हिडिओ दोनदां पाहिला. पहिल्या वेळीं ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या वेळीं म्हणाली, "चष्मा बघ, तोच मोडका. नवा करून दिला होता, तो कधीं घातला नाहीं." मग ती उठून कपाटाकडे गेली, खतावणी काढून तिनें माझ्यापुढें ठेवली, आणि म्हणाली, "आतां बस त्यांच्या समोर."

तेव्हांपासून रविवारीं सकाळीं मी तो व्हिडिओ लावतों. वडिलांचें बोट ज्या ओळीवर येतें तेथें थांबवितों, ती ओळ खतावणींत काढतों आणि गिरवितों. भाची तिकडून फोनवर असते. तिला तीं अक्षरें माझ्याहून लवकर येतात. पहिलीं चार पानें आतां आम्हां दोघांस लागतात.